शाळेच्या नाट्यवर्गात नाट्यछटा करायची आहे? मग आधी समोर कोण आहे ते ठरवा

कोकणातल्या मुलांना चार माणसांसमोर उभं राहण्याची सवय लहानपणापासून असते. गणपतीत आरत्या आणि भजनं, शिमग्यात सोंगं, शाळेत पाठांतर, कथाकथन आणि वक्तृत्व स्पर्धा. त्यामुळे नाट्यवर्गात बाईंनी किंवा सरांनी ‘पुढच्या महिन्यात प्रत्येकानं तीन मिनिटांची नाट्यछटा करायची’ असं सांगितलं की बरीच मुलं निर्धास्त असतात. आणि तिथेच गाडी अडते. कारण हात बाहेर फेकत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज चढवत, सगळ्या वर्गाकडे आळीपाळीनं बघत जे सादर होतं ते भाषण असतं. पात्र त्यात कुठेच नसतं.

भाषणात तुम्ही सगळ्यांना काहीतरी सांगत असता. नाट्यछटेत तुमच्या पात्राला एका कुणाकडून काहीतरी हवं असतं. तो दुसरा मंचावर दिसत नाही, पण तो आहे, ऐकतो आहे, मध्येच काही बोलतोही आहे. हे एवढं मनात पक्कं बसलं तर पुढची अर्धी तयारी आपोआप होते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीभोवती आहेत.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. नाट्यशास्त्रात रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, जे दहा प्रकार सांगितले आहेत त्यांतला ‘भाण’ हा एकाच नटाचा प्रकार. त्यातला नट न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, ‘काय म्हणतोस?’ असं विचारून त्याचं उत्तर स्वतःच उच्चारतो आणि पुढे जातो. त्या युक्तीचं नाव आकाशभाषित. मराठीत नाट्यछटा रुजवली ती दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी. ते पुण्यात शाळेत शिक्षक होते आणि रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडच्या, कवितांवरून त्यांना हा प्रकार सुचला. शाळेच्या वर्गात नाट्यछटा करताना आपण एका शिक्षकानंच घडवलेला प्रकार करतो आहोत, हे मला फार छान वाटतं.

उतारा निवडताना

आठवीतला मुलगा म्हाताऱ्या नटाचं किंवा राजाचं गाजलेलं स्वगत निवडतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळी हे टाळावं. अशा स्वगताला आधीच कुणा मोठ्या नटाचा आवाज चिकटलेला असतो आणि मूल नकळत त्याची नक्कल करतं. तुमच्या वयाचं, तुमच्या परिसरातलं, तुम्हाला पेलेल असं पात्र घ्या. मच्छीच्या लिलावात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडणारी मुलगी, शेवटची एसटी चुकलेला मुलगा आणि त्याला गाडीत न घेणारा रिक्षावाला, गणपतीला येत नाही म्हणणाऱ्या मुंबईच्या काकाशी फोनवर बोलणारी पुतणी. यांतलं एखादं तुम्ही स्वतःसुद्धा लिहू शकता.

निवडताना तीन गोष्टी तपासा. पात्र कुणा एकाशी बोलतंय का? त्याला काही हवंय का? आणि सुरुवातीला ते जिथे होतं तिथून शेवटी थोडं तरी सरकलंय का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर उतारा कितीही सुंदर असो, बाजूला ठेवा. नुसतं दुःख किंवा नुसता राग तीन मिनिटं टिकत नाही.

लांबीचा अंदाज असा: विराम धरून तीन मिनिटांना पावणेतीनशे शब्दांपर्यंत पुरतात. त्याहून जास्त असतील तर कापा. घाईघाईत म्हणून वेळेत बसवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पुढचं सगळं समजावण्यासाठी मी एक छोटी नाट्यछटा इथे लिहून देतो. वर्गात सरावाला खुशाल वापरा. स्थळ आंब्याची बाग, वेळ एप्रिलमधली दुपार. नववीतला मुलगा राखणीला बसला आहे. हातात बेचकी. समोरच्या कलमावर एक वानर.

‘ए! दिसलास. पानांआड लपलास तरी शेपूट लोंबतंय तुझं. उतर खाली… नाही? बरं, नको उतरू. पण ती कैरी टाक. टाक म्हणतो ना मेल्या!… अर्धी खाऊन फेकलीस? अरे, खायची तर पुरी खा! संध्याकाळी बाबा येणार. पडलेलं एकेक उष्टं फळ उचलणार आणि माझ्याकडे नुसतं बघणार. बोलणार काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं… हसतोस? दात दाखवतोस मला? थांब. ही बघितलीस? इथून माझा नेम चुकत नाही, वाडीत विचार कुणालाही. एक… दोन… हे काय आहे तुझ्या पोटाशी?… पिल्लू? किती दिवसांचं गो?… धर, नीट धर त्याला. पडेल ते… हे बघ, कुंपणाजवळचं ते शेवटचं कलम दिसतंय? फळ बारीक आहे त्याचं, पेटीत जात नाही. तिकडे जा. तिकडे मी बघणार नाही. बाबांना सांगेन… काय सांगू? वारा होता म्हणून सांगेन. जा ना! गाडी आली त्यांची. ऐकू येत नाही तुला? जा गो बाय!’

तोंडपाठ करण्याआधीचं काम

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) नटांना सांगत असे की भावना ओढून आणायच्या मागे लागू नका, परिस्थिती नेमकी करा आणि ‘मी या जागी असतो तर काय केलं असतं?’ असं स्वतःला विचारा. शाळेतल्या मुलांसाठी याहून उपयोगी सल्ला मला माहीत नाही. म्हणून वही काढा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं पात्राच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहा. मी कुठे आहे? किती वाजलेत, ऊन कुठल्या बाजूनं येतंय? ही वेळ येण्याआधी पाच मिनिटं मी काय करत होतो? समोरचा कोण, किती लांब, माझ्याहून उंच की खाली? मला त्याच्याकडून काय हवंय? ते मिळालं नाही तर काय होईल?

शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. आणि उत्तर क्रियापदात द्या. ‘मुलगा चिडलेला आहे’ हे उत्तर करता येत नाही, कारण चिडणं कसं करायचं? ‘मला त्याला झाडावरून उतरवायचंय’ हे करता येतं. राग लागेल तेवढा त्यातून येईलच. बाबांच्या गप्प नजरेची भीती खरी असेल तर वानराला दिलेली धमकीही खरी वाटते.

आता उताऱ्यावर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारा, जिथे जिथे पात्राची चाल बदलते तिथे. वरच्या नाट्यछटेत मला पाच तुकडे दिसतात: हुकूम करणं, समजावणं, धमकावणं, विचारपूस करणं, वाट दाखवणं. तुम्हाला चार किंवा सहा दिसतील, काही बिघडत नाही. प्रत्येक तुकड्यासमोर एक क्रियापद लिहा. या रेघांवरच आवाज, वेग आणि अंग बदलणार आहे. एका तुकड्यात आधीच मोठ्यानं बोलत असाल तर पुढचा तुकडा आणखी मोठा करण्यापेक्षा हळू करून बघा.

सगळ्यांत मोलाची रेघ ‘हे काय आहे तुझ्या पोटाशी?’च्या आधीची. तिथवर मुलगा वानराला ‘मेल्या’ म्हणतोय, ‘लपलास’ म्हणतोय. पिल्लू दिसल्यावर, म्हणजे ही आई आहे हे कळल्यावर, तो एकदम बाईमाणसाला हाक मारायच्या ‘गो’वर येतो. वळण त्या एका अक्षरात आहे. ते घाईत गिळलं तर पुढचं ‘जा गो बाय’ हवेत राहतं. ‘दोन’ म्हटल्यावर थांबा, खरोखर बघा, डोळ्यांना ते दिसू द्या, मगच बोला. प्रेक्षकांना हा विराम लांब वाटत नाही, तुम्हालाच वाटतो.

नजर कुठे ठेवायची

नवखे नट इथेच सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

समोरच्या अदृश्य पात्राला प्रेक्षकांच्या बाजूला बसवा. तुमच्या शेजारी किंवा मागे बसवलंत तर वर्गाला तुमचा फक्त कान दिसेल. पण शिक्षकांच्या किंवा परीक्षकांच्या चेहऱ्यावरही बसवू नका, ते अवघडतात आणि तुम्हीही. शेवटच्या बाकाच्या मागे, मध्यापासून थोडं एका बाजूला, भिंतीवरची एखादी पक्की खूण शोधा: खिडकीची वरची चौकट, ट्यूबलाइटचं टोक, फळ्यावरचा खिळा. वानर झाडावर आहे म्हणून खूण उंच हवी. पात्र लहान भावाशी बोलत असेल तर खूण पहिल्या बाकाच्या उंचीवर आणा.

एकदा ठरवली की ती हलता कामा नये. नाहीतर वानर दर वाक्याला नव्या फांदीवर दिसतं आणि बघणाऱ्याचा विश्वास उडतो. ते खरंच उडी मारणार असेल तर आधी तुमची नजर उडी मारेल, मग वाक्य येईल. नजर आधी आणि शब्द नंतर, हा क्रम सगळीकडे लागू. कुंपणाजवळचं कलम दाखवताना आधी डोळे तिकडे जातात, मग मान, मग हात. उलट केलंत तर ते पाठ केलेलं दिसतं.

आणि सतत त्या खुणेकडे टक लावूनही बसू नका. आपण आठवताना, लाजताना, खोटं बोलताना नजर काढतो. ‘वारा होता म्हणून सांगेन’ हे वाक्य वानराकडे बघून म्हणायचं की जमिनीकडे, ते करून बघा.

तीन टिंबं आहेत तिथे समोरचा काहीतरी करतोय. प्रत्येक टिंबांसाठी वहीत त्याचं वाक्य किंवा कृती लिहून ठेवा. सरावात मित्राला समोर खुर्चीवर चढवा आणि ती वाक्यं खरंच म्हणायला लावा. दोन-तीन दिवसांनी मित्र काढून घ्या. त्याचा आवाज तुमच्या कानात राहतो आणि विराम आपोआप बरोबर लांबीचे होतात.

आवाज, पाऊस आणि वाक्याचं शेपूट

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमका तिथेच मुलांचा श्वास संपतो. ‘तिकडे मी बघणार नाही’ यातलं ‘नाही’ ऐकू आलं नाही तर अर्थ उलटाच होतो. म्हणून वाक्य शेवटपर्यंत पोचवा. त्यासाठी श्वास कुठे घ्यायचा तेही पेन्सिलीनं खूण करून ठेवा. पोटावर हात ठेवून श्वास घ्या. हात बाहेर ढकलला गेला पाहिजे, खांदे उचलता कामा नयेत. मग ‘स’ असा आवाज काढत श्वास सावकाश सोडा आणि दर दिवशी तो थोडा लांबवा.

सराव जून-जुलैमध्ये सुरू झाला तर पत्र्यावरचा पाऊस तुमच्याशी स्पर्धा करणारच. त्याच्यावर ओरडून मात करायला जाऊ नका, घसा बसेल. ओठ आणि जीभ जास्त हलवा, व्यंजनं स्वच्छ काढा, वेग कमी करा. प, ब, म, ट, ड ही अक्षरं स्पष्ट आली तर गोंगाटातही शब्द कळतो, स्वर नुसते ताणले तर त्यांचा गलका होतो. मोठी सर आली तर त्या दिवशी आवाजाचा नाद सोडून नजर आणि विरामांचा सराव करा. सुरुवातीला पाच मिनिटं ओठ मिटून ‘म्’ गुणगुणणं, जबडा सैल करणं आणि जिभेचे व्यायाम पुरेत. घसा दुखू लागला की थांबायचं, रेटायचं नाही.

माईक असेल तर आदल्या दिवशी त्याच्यासमोर एकदा उभे राहा. उघड्या मैदानावरच्या स्नेहसंमेलनात समुद्राचा वारा थेट माईकमध्ये घुसतो, तेव्हा तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवलेला बरा. पण वर्गात माईकशिवायच करा.

बोलीबद्दल एक विनंती. सिंधुदुर्गातला राखण्या मुलगा मालवणीत बोलेल, संगमेश्वराकडचा तिकडच्या बोलीत, अलिबागजवळचा कदाचित आगरीत. ती तुमच्या घरची बोली असेल तर बिनधास्त वापरा. ‘बाबा ओरडतील’पेक्षा ‘बापूस वरडतलो’ म्हणताना तुमचं अंग वेगळं उभं राहतं, ते स्वतःच करून बघा. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर आणली आणि कोकणाबाहेरच्या प्रेक्षकांनीही ती डोक्यावर घेतली. पण बोली हशा मिळवायला वापरू नका. ज्या माणसाची ती भाषा आहे, तो त्या भाषेत रडतो, घाबरतो, माफीही मागतो.

पाठांतर

चालीवर पाठ करू नका. एकदा चाल बसली की ती काढायला पाठांतरापेक्षा जास्त वेळ जातो. उतारा हातानं लिहून काढा, मग तुकड्यातुकड्यानं, अर्थाच्या क्रमानं लक्षात ठेवा: आधी हुकूम, तो ऐकत नाही म्हणून समजावणं, ते हसतंय म्हणून धमकी. शेवटचा तुकडा सर्वांत आधी पाठ करा. मग त्याच्या आधीचा. म्हणजे सादर करताना तुम्ही अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जाता आणि शेवट डळमळत नाही. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे, एवढं पुरतं. शाळेतून चालत घरी जाताना, अंगण झाडताना, विहिरीवर पाणी काढताना सपाट आवाजात म्हणा. अभिनयाशिवाय शब्द आले की समजा पाठ झालं.

हात, पाय, वस्तू

पाय ठाम ठेवा. कारण असल्याशिवाय पाऊल उचलू नका, उचललंत तर पूर्ण टाका. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलणं सगळ्यात आधी दिसतं. हातांचं काय करायचं हा प्रश्न, पात्राला काम दिलं की सुटतो: बेचकी हातात आहे, मग तिचं रबर चाचपा, खडा शोधा. वस्तू एकच घ्या. वर्गात बेचकी न्यायला परवानगी नसेल तर दोन बोटांवर नुसती ताणून दाखवा, मात्र तिचा ताण दंडात खरा हवा आणि खाली घेताना तो तसाच खरा सुटायला हवा. पोशाखाच्या मागे फार लागू नका, गणवेशाची पँट दोन घड्या वर केली तरी चालतं.

थंडीत गावोगावी जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायला मुद्दाम जा, आणि या वेळी कथेपेक्षा नटाकडे बघा. मंचावर एक लाकडी बाक असतो, तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरलेलं असतं आणि बोलणं तिथल्या तिथे उभं राहतं. बाकावर बसण्याच्या नुसत्या पद्धतीतून राजा की भिकारी हे कसं कळतं, समोरचा बोलत असताना नट कसा ऐकतो, हे टिपून घ्या. ऐकणं शिकायला याहून चांगली शाळा कोकणात नाही, आणि ती देवळाच्या आवारात, तुमच्या घराजवळच भरते.

सादरीकरणाच्या दिवशी

जेवण हलकं, पाणी पुरेसं. नाव पुकारल्यावर जागेवर जा, खूण शोधा, एक पूर्ण श्वास बाहेर सोडा. ‘मी आता सादर करतोय’ वगैरे सांगायचं असेल तर ते तुमच्या स्वतःच्या आवाजात सांगा, मग क्षणभर थांबा आणि आधी वानर पाहा. ‘ए! दिसलास’ त्यानंतर.

हात गार पडतील, छाती धडधडेल. मुलगाही बाबांच्या भीतीनं धडधडतोच आहे, तेव्हा ते लपवत बसू नका. मध्येच शब्द गेले तर खुणेकडे बघत राहा, बेचकीशी चाळा करा, पात्राला काय हवंय ते मनात आणा. बहुतेक वेळा वाक्य परत येतं. नाही आलं तर पुढच्या तुकड्यावर जा. जीभ चावणं, ‘सॉरी’ म्हणणं, शिक्षकांकडे बघणं नको. काय गाळलं ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. संपल्यावर लगेच पळू नका. वानर कुंपणापर्यंत गेलेलं बघा, मग नजर सोडा, मग नमस्कार.

नंतर मित्रांना ‘कसं झालं?’ असं विचारू नका, सगळे ‘मस्त’ म्हणतात. विचारा: मी कुणाशी बोलत होतो? तो कुठे बसला होता? मला काय हवं होतं? माझं मन कुठल्या शब्दाला बदललं? पहिल्या दोन उत्तरांत गोंधळ निघाला तर नजरेवर काम करा. तिसऱ्यात निघाला तर वहीतल्या क्रियापदांकडे परत जा. चौथ्याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर वळणाआधीचा विराम तुम्ही खाल्लेला आहे. तो एवढाच भाग घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहा.